झटपट सिस्टर आणि थिअरीचा पेपर

माझ्या सासूबाईंना सरकारी दवाखान्यात सगळे झटपट सिस्टर म्हणायचे. हे नाव कुणा पेशंटने ठेवलं होतं; प्रेमाने की वैतागून, ते आता कळायला मार्ग नाही. इंजेक्शन घ्यायला माणूस डोळे मिटून, दात आवळून बसलेला असायचा आणि त्या केव्हाच पुढच्या खाटेकडे पोचलेल्या असायच्या. सर्जरीच्या वॉर्डात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. घरीही तोच खाक्या. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातली गोष्ट. अर्धा चहा पिऊन फोन घ्यायला उठले, परत येते तो कप विसळून पालथा घातलेला. नवरा शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे चहा कप हातात धरूनच प्यायचा असतो."

पन्नाशी जवळ आली तेव्हा एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं की त्या पुन्हा शिकायला जाणार. नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स निघाला होता. तो केला की नर्सला स्वतः पेशंट तपासता येतो, निदान करता येतं, ठरलेल्या आजारांवर औषध लिहून देता येतं. जिथे डॉक्टर राहायला तयार नसतात अशा वस्त्यांमध्ये दवाखाना चालवता येतो. सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं की वर्गात चष्मा लावून पुढच्या बाकावर बसणार की मागच्या. त्या म्हणाल्या, पुढच्या. आणि खरोखरच दोन वर्षं पोरीबाळींच्या वर्गात पुढच्या बाकावर बसल्या.

मी शाळेच्या वाचनालयात काम करते, त्यामुळे पुस्तक म्हणजे माझा प्रांत असा त्यांचा समज होता. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्या मला समोर बसवायच्या आणि मी प्रश्न विचारायचे. हृदयाचे ठोके, फुप्फुसांचे आवाज, औषधांचे डोस, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्यांना घडाघडा यायचं. एकच पेपर त्यांच्या गळी उतरेना. नर्सिंग थिअरीचा. म्हणजे नर्स जे करते ते का करते, माणूस म्हणजे काय, आरोग्य म्हणजे काय, आजाऱ्याचं आणि नर्सचं नातं कसं असावं, असा सगळा विचार. पुस्तकात त्याच्या आकृत्या होत्या. त्या बघून सासूबाईंचा पारा चढायचा.

"चार गोल आणि मधे बाण," त्या म्हणायच्या. "यानं कुणाचा ताप उतरलाय आजवर?"

त्या पेपरात त्या नापास झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा. निकाल घेऊन घरी आल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि मांडणीवरची सगळी भांडी काढून पुन्हा घासायला बसल्या. आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही.

थिअरी शिकवणाऱ्या मॅडम वयाने त्यांच्याहून थोड्या मोठ्या होत्या. एका कानाने ऐकू कमी येत असल्यामुळे त्या मान तिरकी करून ऐकायच्या, आणि त्यामुळे समोरच्याला वाटायचं की आपलं बोलणं जगात सगळ्यात महत्त्वाचं आहे. सासूबाई तावातावाने त्यांच्याकडे गेल्या. इतकी वर्षं माणसं बघितली, आता माणूस म्हणजे काय ते कागदावर लिहून दाखवायचं का, असं त्यांनी सरळ विचारलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हाला आठवणारा एखादा पेशंट सांगा, फक्त त्याच्या आजाराचं नाव घ्यायचं नाही.

सासूबाईंना आठवत होतं ते पित्ताशय, आतड्याला पडलेलं भोक, खिडकीजवळच्या खाटेवरचा कापलेला पाय. माणूस एकही डोळ्यांपुढे येईना. हे त्यांनी मला नंतर सांगितलं तेव्हाही त्यांचा चेहरा उतरला होता.

मॅडम त्यांना लाजवायला बसल्या नव्हत्या. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "वॉर्डात तुमचं निभावून गेलं, कारण तिथे तुम्ही खाटेशेजारी उभ्या होतात. आता तुमच्या हातात औषध लिहायचं पेन येणार. पेनाबरोबर खुर्ची येते, खुर्चीबरोबर टेबल येतं, आणि माणूस टेबलापलीकडे जातो. तेव्हा तुम्हाला ही थिअरी लागेल. आत्ता नाही कळली तरी चालेल, पण वाचून ठेवा."

सासूबाईंनी वाचलं. वाचलं म्हणजे पाठ केलं. मी विचारायचे, त्या म्हणून दाखवायच्या, पाढे म्हणावेत तसं. दुसऱ्या खेपेला पास झाल्या, पेढ्यांऐवजी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, आणि ते जाडजूड पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलं.

त्यांना मिळालेला दवाखाना जुन्या बस डेपोच्या मागे होता. दोन खोल्या, एक पडवी. सकाळी डेपोतून बसगाड्या निघायला लागल्या की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि पडद्यांना डिझेलचा वास यायचा. पडवीत बाकं होती, आत तपासायची खाट, औषधांचं कपाट, टेबल आणि सासूबाईंची चाकांची खुर्ची. सुरुवातीला कुणी डॉक्टरबाई म्हटलं की त्या लगेच दुरुस्त करायच्या, डॉक्टर नाही, नर्स म्हणा. पुढे पुढे गर्दी वाढली आणि दुरुस्त करायला वेळ राहिला नाही. पडवीतली रांग झरझर पुढे सरकायची. आठवड्यातून एकदा मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर यायचे. त्यांच्या हाताखाली हा दवाखाना चालायचा. शांत, विनोदी माणूस. सासूबाईंची कामाची पद्धत बघून ते म्हणायचे की आमच्या ओपीडीला तुमचा एक डोस द्यायला हवा.

तिथेच त्या दोघी बहिणी यायला लागल्या.

थोरली बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली, नवरा कधीच वारलेला. धाकटी कोर्टात टायपिस्ट होती, लग्न केलं नव्हतं. तिच्या बोटांचा वेग असा की वकील बोलायचे थांबले की तिचं यंत्रही त्याच क्षणी थांबायचं, असं तिची बहीण कौतुकाने सांगायची. मग धाकटीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची, बोलणं संथ झालं. थोरलीने तिला आपल्या घरी आणलं आणि बालवाडीतली सगळी माया तिच्या एकटीवर ओतली. भरवायची, केस विंचरायची, बटणं लावायची, तोंड पुसायची. वाक्यसुद्धा पुरं करू द्यायची नाही. धाकटीने "मला..." म्हटलं की थोरली पाणी घेऊन हजर.

धाकटीचं ब्लडप्रेशर काही केल्या उतरेना. पुन्हा झटका येण्याची भीती होती. सासूबाईंनी नियमाप्रमाणे गोळी वाढवली. उतरलं नाही. दुसरी गोळी जोडली, मग तीही वाढवली. दर वेळी त्या विचारायच्या, गोळ्या वेळेवर चालल्यात ना, आणि थोरली म्हणायची, मी स्वतः तोंडात घालते हो. धाकटी खिडकीबाहेर बघत बसायची. सासूबाईंनी थोरलीला बजावलं, एकही गोळी चुकता कामा नये. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

गोळ्या पोटात जातच नव्हत्या. धाकटी त्या गालात धरून ठेवायची आणि पाठ वळली की थुंकायची. चादर बदलताना थोरलीला गादीच्या फटीत अर्धवट विरघळलेल्या गोळ्यांचा खच सापडला. सांगायला गेलं तर आपलंच लक्ष नव्हतं असं होईल, म्हणून ती कुणाला बोलली नाही. त्या दिवसापासून तिने गोळ्या कुटून सूपमध्ये कालवायला सुरुवात केली. इतके दिवस एकही गोळी न घेतलेल्या शरीरात वाढत वाढत गेलेले सगळे डोस एकदम गेले. धाकटी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. कपाळ नळावर आपटलं. अँब्युलन्सने मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा तिचं प्रेशर इतकं खाली होतं की नाडी हाताला लागायला वेळ लागला.

ती वाचली. कपाळाला टाके पडले, खुब्याचं हाड सुदैवाने शाबूत होतं. डॉक्टरांनी सगळी माहिती घेतली आणि सासूबाईंना सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही, मीही हेच डोस दिले असते, पेशंट औषध घेत नसेल तर आपण काय करणार. ते मनापासून म्हणाले होते. सासूबाईंनी मान हलवली. घरी आल्या आणि त्यांचा चहा कपात तसाच राहिला, वर साय धरेपर्यंत.

पुढचे काही दिवस त्या घरात असून नसल्यासारख्या होत्या. मग त्यांनी मॅडमना फोन केला. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या करत होते. सगळं सांगून झालं, बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या, आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "अगं, ते पुस्तक वरून काढून देतेस? मॅडम म्हणाल्या, परीक्षेसाठी वाचलंत, आता त्या बाईसाठी वाचा."

रविवारची दुपार होती. त्या पाय लांब करून गॅलरीत बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. पानं उलटण्याचा आवाजही क्वचित येत होता. इतकं सावकाश काही करताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला मी जाऊन बसले तेव्हा त्या स्वतःहून बोलायला लागल्या. त्या पुस्तकात थिअरी मांडणाऱ्या एका बाईंचा विचार होता, पूर्वी मला घडाघडा म्हणून दाखवलेला. माणूस सकाळपासून स्वतःसाठी किती तरी गोष्टी करतो. उठतो, धुतो, खातो, नको म्हणतो. आजारपणात त्यातल्या काही हातून सुटतात. सुटलेल्या तेवढ्याच नर्सने उचलायच्या. बाकीच्यांना हात लावायचा नाही, आणि सुटलेल्यांतल्या ज्या परत देता येतील त्या हळूहळू परत द्यायच्या.

"हे मी तुझ्यापुढे बसून पाठ केलंय," त्या म्हणाल्या. "आणि वॉर्डात सगळ्यांचं सगळंच उचलत आले. लवकर होतं ना तसं." मग म्हणाल्या, "साधी नर्स असते तर त्या बाईजवळ बसून दोन शब्द तरी विचारले असते. दुसरं काही हातातच नव्हतं तेव्हा. आता गोळी वाढवायचा अधिकार मिळाला, तर आधी गोळीच वाढवली."

धाकटी घरी आल्यावर सासूबाई त्यांच्याकडे गेल्या. एप्रन घातला नाही, नुसती प्रेशर मोजायच्या यंत्राची पिशवी घेतली. घर लहान, लख्ख. बालवाडीतली रंगीत बुटकी खुर्ची अजून दारामागे होती. थोरलीचे डोळे रडून सुजले होते. ती आल्या आल्या माफी मागायला लागली. सासूबाईंनी तिला शेजारी बसवलं, तिचा हात धरला आणि म्हणाल्या की आज मी हिला काही विचारणार आहे, आणि कितीही वेळ लागला तरी आपण दोघींनी गप्प बसायचं. थोरलीने होकार दिला, पण नंतर सगळा वेळ तिचे ओठ हलत होते.

मग त्या धाकटीकडे वळल्या. "दिवसभरात तुम्ही स्वतःचं स्वतः काय काय करता?"

धाकटीने छताकडे पाहिलं. बाहेरच्या रस्त्यावरून एक गाडी निघून गेली, तिचा आवाज विरला. सासूबाईंना गप्प बसायची सवय नव्हती, त्यांनी मांडीवर हात घट्ट दाबून धरले होते. शेवटी धाकटी एकेक शब्द सोडवत म्हणाली, "गोळी... थुंकते."

थोरलीच्या घशातून हुंदका आला. धाकटीच्या तोंडाचा डावा कोपरा मात्र किंचित वर गेला होता. सासूबाईंना आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेवढं एकच काम तुमच्यासाठी उरलं होतं."

धाकटीने मान हलवली.

त्या दिवशी गोळ्यांचं बोलणं सगळ्यात शेवटी निघालं. आधी धाकटीला काय काय परत हवंय ते विचारलं. तिने डाव्या हाताने कंगवा मागितला. मग म्हणाली, न्हाणीघराचं दार लोटलेलं हवं. आणि वाक्य पुरं करायला वेळ हवा. सासूबाईंनी न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवायला माणूस बोलावला, खाली न घसरणारी चटई टाकली, दाराबाहेर थोरलीसाठी स्टूल ठेवलं. तिथे बसून ऐकायचं, पण हाक आल्याशिवाय आत जायचं नाही. प्रेशरसाठी एकच लहान गोळी ठेवली. ती धाकटीने स्वतः डबीतून काढून घ्यायची. "नको वाटली तर तोंडावर नको म्हणा," सासूबाई म्हणाल्या. "मग आपण बोलू. गादीशी बोलू नका."

धाकटीने गोळी घ्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा डबी उघडताना गोळ्या घरभर सांडल्या आणि थोरली उचलायला धावली, तेव्हा धाकटी तिच्यावर खेकसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून एक अख्खं वाक्य एका दमात बाहेर पडलं. ते वाक्य शिवीचं होतं, त्यामुळे थोरलीने ते कुणालाच सांगितलं नाही. धाकटीनेच पुढे सासूबाईंना सांगितलं.

सगळं असं सुरळीत होत असताना थोरली मात्र खचत चालली. एका सकाळी ती एकटीच दवाखान्यात आली आणि पेशंटच्या बाकावर बसून राहिली. नंबर आल्यावर आत गेली आणि म्हणाली, "तिचे केस तीच विंचरते आता. वाकडा भांग काढते. मला बघवत नाही, आणि हातही लावता येत नाही. मग मी करायचं काय दिवसभर?"

सासूबाई मला म्हणाल्या की पूर्वीची मी असते तर झोपेची गोळी लिहून दिली असती. त्यांनी खुर्ची टेबलाच्या बाजूने तिच्याजवळ सरकवली आणि दुसऱ्याच दिशेने विचारायला लागल्या. तुम्ही जेवता कधी, झोपता किती, तुम्हाला स्वतःला शेवटचं कुणी तपासलं. तपासलंच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. बहिणीचा वाकडा भांगही तिला धड दिसत नव्हता, ती हाताने चाचपून बघायची. आपलं काय ते नंतर बघू, असं म्हणता म्हणता तिने स्वतःसाठी करायच्या सगळ्या गोष्टी केव्हाच सोडून दिल्या होत्या, आणि त्या सुटलेल्या कुणाच्या लक्षातही आल्या नव्हत्या.

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. थेंब घालायला रोज कुणीतरी हवं होतं. सासूबाई माणूस पाठवणार होत्या, पण धाकटी म्हणाली, मी घालते. डावा हात, तोही नवशिका. थेंब कपाळावर, नाकावर, एकदा थेट कानात. थोरली उताणी पडून हसायची आणि हसल्यामुळे पुन्हा नेम चुकायचा. औषधाची दुसरी बाटली आणावी लागली. पण एकदा जमलं ते जमलं. धाकटी टायपिंग शिकताना जशी एकेक अक्षर शोधायची, तशी जीभ बाहेर काढून थेंब सोडायची, असं थोरलीने सांगितलं. पट्टी निघाल्यावर तिने बहिणीकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, भांग खरंच फार वाकडा असतो गं तुझा. धाकटी म्हणाली, असू दे.

आता सासूबाईंच्या दवाखान्यातली रांग पूर्वीपेक्षा सावकाश सरकते. पडवीतले लोक कधी कधी कुरकुरतात. डॉक्टरांनीही एकदा हळूच विषय काढला, तेव्हा त्यांनी सांगितलं की आत आलेला माणूस घरी गेल्यावर काय करणार ते कळल्याशिवाय मला औषध लिहिता येत नाही. डॉक्टर विचार करून म्हणाले, ते मलाही जमायला हवं. झटपटपणा काही पुरता गेलेला नाही. इंजेक्शन अजून तसंच देतात, आणि घरी चहाचा कप अजून धरूनच ठेवावा लागतो. ते पुस्तक मात्र वरच्या फळीवर परत गेलं नाही. गॅलरीतल्या खुर्चीवर असतं, मधूनच पेन्सिलीने खुणा केलेलं. मध्ये एका पानाशेजारी त्यांनी "हे पटत नाही" असं लिहिलेलं मी पाहिलं. मॅडमना दाखवलं तर त्या खूश झाल्या म्हणे.

गेल्या महिन्यात त्या चष्मा घरी विसरल्या म्हणून मी द्यायला दवाखान्यात गेले होते. आत पेशंट नव्हता. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, मला म्हणाल्या, दे बरं चष्मा पटकन, मला नीट बघू दे. डेपोसमोरच्या थांब्यावर बस येऊन थांबली आणि पुढच्या दाराने धाकटी उतरली. एकटी. डाव्या हातात काठी, खांद्याला पर्स, भांग वाकडा. कंडक्टर हात द्यायला पुढे झाला तर तिने मानेनेच नको म्हटलं. ती रस्त्याच्या कडेने पाय ओढत, थांबत, पुन्हा निघत यायला लागली. बस हलली तेव्हा मागच्या दाराने उतरलेली थोरली दिसली. ती चटकन थांब्याच्या जाहिरातीच्या फलकामागे गेली. फलक अरुंद होता आणि थोरली चांगली भरलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तिची साडी बाहेर दिसत होती.

धाकटी पडवीची पायरी चढून आत आली, खुर्चीवर बसली, बाही स्वतःच वर केली. प्रेशर उत्तम होतं. सासूबाईंनी आकडा सांगितला तेव्हा तिने तो स्वतःशी पुटपुटला, टायपिस्टने शब्द लक्षात ठेवावा तसा. मग काठी सावरत हळूच विचारलं, "आलीये ना... मागून?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. थोरली फलकाआडून मान काढून दवाखान्याच्या दाराकडे बघत होती.

"आलीये," त्या म्हणाल्या.

"बरं," धाकटी म्हणाली. "दमली असेल. मी जरा... सावकाश जाते."